दहावी सायकल

काशिनाथ म्हात्रे पायी चालतानाही सायकलची घंटी वाजवायचा. एक सुटी घंटी कायम त्याच्या मुठीत असे. वळण आलं, ट्रिंग. लग्नाच्या मांडवात शिरताना, ट्रिंग. एकदा मयताला गेला असताना सवयीनं वाजली, तर रडणाऱ्या बायकांनी रडता रडता सरकून त्याला वाट दिली. विचारलं, की म्हणे, "मी हाय, ह्ये समोरच्याला समजलं पायजे."

साठ सालानंतरची गोष्ट. नवी मुंबई हे नाव अजून कुणाच्या कानावर नव्हतं. आमच्या दिघा गावाच्या पुढे नुकतेच कारखाने उठत होते. त्यातल्याच एका रसायनाच्या कारखान्यात मी टाइम-ऑफिसात कारकून, तो पॅकिंगला. कामगारांना न्यायला दिघ्यात उघडी लॉरी यायची. काशिनाथ तिच्याकडे पाठ करून उभा राही आणि चढणाऱ्यांना अडवी.

"अरं, बकऱ्या हाव का तुमी? सायकल घ्या! आपला ब्रेक आपल्या हातात!"

"आधी तुज्या तोंडाला ब्रेक लाव," लॉरीतून उत्तर येई.

तो हटला नाही. साहेबांकडे जाऊन त्यानं सायकलींसाठी पत्र्याची शेड मागितली. साहेब हसले. म्हणाले, "सोमवारी फाटकातून दहा सायकली एकदम आत आणून दाखव. मग शेड." काशिनाथनं घरोघर घंटी वाजवून आठ जण जमवले. नववा तो स्वतः. दहावा मी. नाही म्हणायला जमलं नाही, म्हणून हो म्हणालो.

रविवारी त्यानं मला सरावाला नेलं. त्या रस्त्यावर खाणीतले खडीचे ट्रक धावत. पहिला ट्रक मागून आला तेव्हा माझे कान गार पडले. दुसऱ्याला मी सायकलीसकट गवतात.

"झ्याक!" काशिनाथ म्हणाला. "रस्ता सोडायची अक्कल हाय तुमाला!"

सोमवारी सकाळी मी माझ्या मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह काढून खिशात टाकला. हवा सुटताना झालेला आवाजसुद्धा मला ट्रकासारखा वाटला. काशिनाथ दारात आला. मी सपाट चाक दाखवलं. "पंक्चर."

त्यानं वाकून चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग घंटी वाजवत पुढे निघाला. मी लॉरी पकडली.

फाटकातून नऊ सायकली आल्या. साहेबांनी त्या बोटानं मोजल्या आणि ते आत निघून गेले. आठवड्याभरात त्यातले आठ जण पुन्हा लॉरीत दिसले.

पुढे एकदा डबा खाताना तो हळूच म्हणाला, "कारकूनसाब, त्या दिशी वॉल तुमच्या खिशात व्हता."

मी हातातला घास डब्यात ठेवला. "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? भ्या मना पन वाटतं." तो डब्यात बघत राहिला. "माजा धाकटा भाऊ ह्याच लॉरीच्या फळीवरनं पडला. हात धरला व्हता मी त्याचा. सुटला. तवापास्नं लॉरीत पाय ठेववत नाय. आन त्या ट्रकांमदी एकट्यानं सायकल मारायची तर जीव मुठीत धरावा लागतो. म्हनलं, धा जन संगती असलं का..."

वाक्य त्यानं तिथंच सोडलं आणि डबा बंद केला.

त्याच संध्याकाळी मी व्हॉल्व्ह बसवायला हवा होता. नाही बसवला. तो बरीच वर्षं माझ्या टेबलाच्या खणात पडून होता आणि खण उघडताना मी तिकडे बघत नसे.

रोज सकाळी आमची लॉरी काशिनाथला मागं टाकायची. रस्त्याच्या अगदी कडेला, अंग चोरून, तो एकटा सायकल हाकत असे. धुरळ्यातून घंटी ऐकू येई, एकसारखी, थांबायचं नावच नाही. मी मान खाली घालायचो आणि लॉरीच्या फळीवर बोटानं, घंटी वाजवल्यासारखी, दोनदा टकटक करायचो.

इंजिनाच्या आवाजात ती टकटक माझी मलाही ऐकू येत नसे.