धुक्यातली पाहुणी

"वहिनी, नाव हीच. पांढरी, निळ्या पट्ट्याची. मी फोनवर नीट विचारून ठेवलंय," असं म्हणत फुमिएबाईंनी भावजयीला जवळजवळ ढकलूनच नावेत चढवलं.

त्या सकाळी आमच्या हाकोदाते बंदराच्या धक्क्याला पांढऱ्या, निळ्या पट्ट्याच्या दोन नावा लागल्या होत्या. पण आमच्याकडे जुलैत धुकं उतरलं की माणसाला आपल्याच हातातली छत्री शेजाऱ्याची वाटते. दुसरी नाव दिसणार कुणाला?

भावजय इत्सुकोबाई नागानोच्या डोंगरातल्या. सगळा जन्म सफरचंदांच्या बागेत गेला. समुद्र पाहिला तो टीव्हीवर. या खेपेला नवरा गुडघ्यांची सबब सांगून घरी राहिला आणि धाकटी नणंद सोबत आली. फुमिएबाई निवृत्त मुख्याध्यापिका. आधी नावेतून बंदराची फेरी, मग ताज्या माकुलाचं जेवण, मग उतारावरची चर्चं, असा सगळा बेत त्यांनी आखलेला. चूक नावाची गोष्ट त्यांच्या हातून कधी घडत नसे, असं त्यांचं स्वतःचं मत होतं.

नावेवर एक मध्यमवयीन गृहस्थ कमरेत वाकून उभे होते. "आलात आपण! आईला वाटतच होतं, याल म्हणून."

"म्हणजे काय, येणारच!" फुमिएबाई म्हणाल्या. "कधीपासून मनात होतं यांच्या."

गृहस्थांनी डोळे टिपले. फुमिएबाईंनी वहिनींना कोपरानं ढोसलं. "बघा, याला म्हणतात आदरातिथ्य. नाहीतर आपल्याकडचे बसवाले!"

एका बाईंनी दोघींच्या हातात पांढरी शेवंती दिली. "फुलंसुद्धा तिकिटातच!" फुमिएबाई कुजबुजल्या.

नाव सुटली. धक्का विरघळला, गोदामांच्या लाल भिंती विरघळल्या, डोंगर तर मुळात नव्हताच. दूर कुठेतरी भोंगा वाजला आणि त्याचा आवाजही कापसातून आल्यासारखा आला. सीगल ओरडत होते, दिसत नव्हते. पाण्याला वर-खाली असं काही उरलंच नव्हतं. इत्सुकोबाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. झोपेत कुणी पाळण्यात घालून हलवावं तसं त्यांना वाटत होतं. पण ज्याच्यासाठी एवढ्या लांब आलो तो समुद्र काही दिसेना. त्यांचे डोळे भरून आले.

"इतकी वर्षं वाट पाहिली," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आणि भेट झाली ती अशी. धड तोंडसुद्धा दिसू नये!"

मागे कुणीतरी हुंदका दिला. इत्सुकोबाईंना वाटलं, बिचारी हीही लांबून आलेली दिसते.

नावेच्या खोलीत एक म्हातारी बसली होती. मांडीवर रेशमी रुमालात गुंडाळलेली चौकट. ती काचेतून इत्सुकोबाईंकडे पापणी न लववता बघत होती.

मग कॉफी आली. पाठोपाठ तबकातून छोट्या पांढऱ्या पुड्या आल्या. फुमिएबाईंनी एक उचलली, बोटांनी दाबून पाहिली. "वहिनी, साखर किती?" असं विचारत त्या पुडीचा कोपरा फाडणार, एवढ्यात ते गृहस्थ किंचाळले.

"अहो बाई, नको! ते बाबा आहेत!"

"कोण बाबा?"

"आमचे बाबा!"

फुमिएबाईंनी पुडी तबकात ठेवली. हात पुसावा की जोडावा, हे त्यांना कळेना; शेवटी त्यांनी दोन्ही केलं.

ते गृहस्थ, कियोहिको, यांनीच मग सांगितलं. वडील तामोत्सुराव माकूल वाळवायच्या कारखान्यात होते. अस्थींची पूड समुद्रात सोडावी, ही त्यांची इच्छा. "ते गेल्यावरच आईनं सांगितलं आम्हाला, की लग्नाआधी त्यांच्या आयुष्यात कुणीतरी होतं. नाव नाही सांगितलं. कदाचित ती येईल, एवढंच म्हणाली. आणि तुम्ही मघाशी कठड्यापाशी जे बोललात..."

"काहीतरी घोटाळा..." फुमिएबाईंनी मुख्याध्यापिकेचा आवाज लावला. पण तोवर ती म्हातारी, म्हणजे कियोहिकोंची आई मात्सुयोबाई, बाहेर आल्या होत्या. त्यांनी इत्सुकोबाईंचा हात हातात घेतला. थंड, हलका हात. "आलीस, बरं केलंस," त्या म्हणाल्या आणि पहिली पुडी त्यांच्या तळव्यावर ठेवली.

असा हात झटकणार तरी कसा? इत्सुकोबाईंनी वाकून पुडी आणि हातातली शेवंती पाण्यात सोडली. कागद विरघळला, फुलं हळूहळू धुक्यात गेली. त्या अनोळखी माणसासाठी त्यांनी हात जोडले, आणि खरोखरीच रडल्या.

किनाऱ्यावर आल्यावर तामोत्सुरावांच्या घरच्यांनी दोघींना सोडलं नाही. जेवणाच्या मेजावर शेवयांसारखं बारीक कापलेलं माकूल, आल्याच्या रसात, भाजलेल्या शिंपल्या, वाफाळलेला खेकडा. फुमिएबाई मान खाली घालून, पण नेमाने खात होत्या. इत्सुकोबाई ताटलीतलं माकूल नुसतं इकडून तिकडे सरकवत होत्या. शेवटी त्या शेजारी बसलेल्या मात्सुयोबाईंच्या कानाशी लागल्या.

"बाई, माफ करा. मी ती नव्हे. आम्ही चुकीच्या नावेत चढलो."

म्हातारीनं त्यांच्याकडे बघितलं. मग एवढा मोठा सुस्कारा टाकला की समोरचं सूप हललं.

"वाचवलंस गं बाई!" ती पुटपुटली. "अगं, मुळात कुणी नव्हतंच. मीच रचलं ते. हा माणूस कारखान्यातून यायचा, चहा प्यायचा, झोपायचा. गेला तेव्हा पोरांना सांगण्यासारखं काही आठवेना. मला वाईट वाटलं. म्हटलं, लावून द्यावं काहीतरी. तेव्हापासून बघ, बाबांबद्दल किती विचारतात! आणि आज तू रडत उभी. म्हटलं, खरंच होती की काय!"

"नव्हती हो," इत्सुकोबाई घाईघाईनं म्हणाल्या.

"नव्हती ना," म्हातारी म्हणाली. तिनं रुमालातून काढून मेजावर ठेवलेल्या चौकटीतल्या फोटोकडे पाहिलं. साधासुधा, नीट भांग पाडलेला चेहरा. "नव्हतीच म्हणा," ती पुन्हा म्हणाली. सुटका झालेल्या माणसाचा आवाज असा पडत नाही.

तेवढ्यात पलीकडून कियोहिकोंनी गुडघ्यांवर हात ठेवून विचारलं, "काकू, एकच विचारतो. तरुणपणी बाबा कसे होते?"

फुमिएबाईंनी चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि वहिनींकडे असं पाहिलं की शाळेत खोटं बोलणारी पोरं त्या नजरेनंच कबुली देत असतील. इत्सुकोबाईंनी मात्सुयोबाईंकडे पाहिलं. म्हातारीनं किंचित मान डोलावली.

"नाचायचे फार छान," इत्सुकोबाई म्हणाल्या.

पोरं गारच झाली. आणि सगळ्यांच्या आधी मात्सुयोबाईच पुढे सरकल्या. त्यांचे डोळे लकाकत होते, गालांवर रंग चढला होता.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या. "आणि मला मेले कधी बोलले नाहीत! बरं, मग?"