वर्णन जुळत नाही

आमच्या शैलाताई कर्णिकांना रस्त्यात पडलेली वस्तू दिसली की त्या आधी घड्याळ बघतात. मग ती उचलतात, पर्समधून दोरा ओवलेलं पुठ्ठ्याचं लेबल काढतात आणि जागा, तारीख, वेळ लिहून वस्तूला बांधतात. एकदा त्यांनी माझ्या नवऱ्याच्या टोपीला असं लेबल बांधलं. टोपी आमच्याच दाराबाहेरच्या खुंटीवर होती, पण "मालक आसपास दिसला नाही" असं ताईंचं म्हणणं. ती सोडवायची तर आतलं अस्तर कुठल्या रंगाचं आहे ते सांगणं भाग होतं, आणि ते काही त्याला आठवेना. दोन दिवस तो उघड्या डोक्याने ऑफिसला गेला. एडिनबरात फेब्रुवारी महिन्यात हे सोपं नाही.

ताई एकतीस वर्षं इथल्या एका बस कंपनीच्या हरवलेल्या सामानाच्या ऑफिसात होत्या. छत्र्या, हातमोजे, कवळ्या, कुबड्या आणि एकदा तर आख्खी बॅगपाइप त्यांच्या हाताखालून गेली. (कुबड्या विसरून माणूस बसमधून उतरला कसा, हे कोडं त्यांना अजून सुटलेलं नाही.) आता निवृत्त झाल्या, पण ऑफिस घरी घेऊन आल्या. आमच्या दगडी इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं घर आहे. दारातच एक छोटं टेबल आडवं टाकलेलं. त्याला त्या 'काउंटर' म्हणतात. टेबलावर रजिस्टर आणि दोऱ्याने बांधलेलं पेन.

त्यांचे नियम दोन. पहिला, "आधी वर्णन, मग दर्शन." म्हणजे मालकाने वस्तूचं वर्णन केल्याशिवाय ती त्याला दाखवायचीसुद्धा नाही. दुसरा, "माल कसा ठेवला होता ते विचारायचं नाही. आपण कोण?" मोडक्या काडीची छत्री असली तरी ती मोडक्या काडीच्या मालकाची, आणि ती त्याला मिळालीच पाहिजे.

लग्न त्यांनी केलं नाही. बहिणीच्या मुली सांभाळायला म्हणून पुण्याहून आल्या. मुली मोठ्या झाल्या, बहीण आणि मेहुणे मुलींपाठोपाठ कॅनडाला गेले, ताई इथे राहिल्या. हे त्या हवामान सांगावं तसं सांगतात.

तर जूनमधल्या एका शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. "मुक्ता, जरा खाली ये. वर्णन लिहून घ्यायचंय आणि माझा चष्मा सापडत नाहीये."

मी गेले. त्यांच्या बॉयलरच्या उबदार कपाटात, घडी करून ठेवलेल्या गोधडीवर, साप होता.

मी खुर्चीवर उभी राहिले. तिथून मला खाली उतरवण्याचा प्रयत्न ताईंनी केला नाही, फक्त रजिस्टर वर दिलं. "लिही. रंग नारिंगी, मळका. लांबी," असं म्हणून त्यांनी शिवणाची टेप काढली, "साडेतीन फूट. हालचाल नाही म्हटली तरी चालेल." मग लेबल हातात घेऊन ते कुठे बांधायचं याचा थोडा विचार केला आणि शेवटी ते गोधडीला बांधलं.

प्राण्यांच्या डॉक्टरने सांगितलं, हा कॉर्न स्नेक, बिनविषारी, कोणीतरी पाळलेला. पण कित्येक आठवडे उपाशी आणि थंडीत आहे. जुनी कात अंगाला चिकटून राहिली आहे, एका डोळ्यावर तर तिचा पडदाच झालाय. आणखी दोन आठवडे गेले असते तर संपला असता. डॉक्टरने कार्डावर लिहायला सापाचं नाव विचारलं. ताई म्हणाल्या, "ते मालक सांगेल."

मालक कोण हे मला ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्यावरचा नील देशमुख. लेस्टरमध्ये जन्मलेला, तिशीतला, कॉम्प्युटरवाला. दीड वर्षापूर्वी तो राहायला आला तेव्हा सापाची काचेची पेटी चढवताना मीच दार धरलं होतं. त्याची बायको त्यानंतर सहा महिन्यांत त्याला सोडून गेली. तेव्हापासून जिन्यात दिसला तरी मान खाली.

"तुला माहीत असणं वेगळं आणि त्याने येऊन सांगणं वेगळं," ताई म्हणाल्या. तरी वर जाऊन बेल वाजवून आल्या. तो कामासाठी ॲबर्डीनला गेलेला. सापाकडे बघायला एका मित्राला सांगून गेला होता म्हणे, पण त्या मित्राला आम्ही कोणी कधी पाहिलं नाही. घराच्या एजंटने निरोप देतो म्हटलं आणि दिला नाही. मग ताईंनी जिन्यात नोटीस लावली: 'एक वस्तू सापडली आहे. मालकाने येऊन वर्णन द्यावे.' काय सापडलं ते लिहायचं नसतं, नाहीतर कोणीही येईल, असं त्यांचं शास्त्र. आणि अर्थात सगळे आले. पहिल्या मजल्यावरच्या बाई कानातलं मागायला आल्या, समोरचे आजोबा सायकलचा पंप मागायला. ताई प्रत्येकाचं वर्णन शांतपणे लिहून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "जुळत नाही."

दरम्यान पेशंटची बडदास्त सुरू झाली. सेकंडहँड काचपेटी आली, वर उबेचा दिवा, आत थर्मामीटर. रोज कोमट पाण्याची अंघोळ. ताई शुद्ध शाकाहारी. पण त्यांच्या फ्रीझरमध्ये खोवलेल्या नारळाशेजारी आइस्क्रीमच्या डब्यात गोठवलेले उंदीर आले. आपल्या लोकांच्या घरात आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम कधीच नसतं हे मला माहीत असूनही मी तो डबा उघडला. ताई म्हणाल्या, "त्याचं जेवण आहे ते. तू नारळ घे."

नागपंचमीला तर मंडळातल्या पाच बायका हळदकुंकू आणि दुधाची वाटी घेऊन हजर. इतकी वर्षं चित्राची पूजा केली, आता खरा नाग आहे म्हटल्यावर सोडतात होय! तो नाग नाही, अमेरिकन जातीचा साप आहे, हे ताईंनी सांगून पाहिलं. कोणी ऐकेना. शेवटी पूजा काचेबाहेरून झाली, रजिस्टरमध्ये पाच सह्या झाल्या आणि दूध परत गेलं. "पेशंट दूध पीत नाही," ताई म्हणाल्या. "या दुधाचा चहा करू का?"

सापाशी त्या 'अहो-जाहो' करायच्या. दुसऱ्याच्या मालाशी अरेतुरे करायचं नाही म्हणून. "अहो, वळा जरा, डोळा बघू दे." कात निघाली, डोळा उघडला, अंगावर तकाकी आली. ऑगस्टच्या शेवटी मी सहज गेले तर ताई त्याला मनगटावर गुंडाळून बातम्या बघत होत्या आणि म्हणत होत्या, "अरे, थांब की रे गुलामा." मला बघून लगेच म्हणाल्या, "अहो, थांबा जरा."

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बेल वाजली. मी आत सोफ्यावर होते, काचपेटी माझ्या शेजारी.

"आंटी, मी नील, थर्ड फ्लोअर. तुमचा नोटीस बघितला. माझी साप हरवलीय. सॉरी, हरवलाय."

ताईंनी काउंटरमागे बसून रजिस्टर उघडलं. "वर्णन सांगा."

"ऑरेंज. पण डल, म्हणजे चमक नाही. खूप बारीक झाला होता. एक डोळा व्हाइट." मग एका दमात म्हणाला, "आंटी, मी विंटरपासून त्याला नीट बघितलंच नाही. डिव्होर्स चालू होता. स्वतःची भांडी पण घासत नव्हतो. मग जॉब आला आणि मी नुसता निघून गेलो. माझी फॉल्ट आहे."

"वजन?"

"हलका. फार हलका."

ताईंनी सगळं लिहून घेतलं. मी पेटीकडे बघितलं. दिव्याखाली तो गुटगुटीत साप सोन्यासारखा चमकत होता, दोन्ही डोळे टक्क उघडे.

"अशा वर्णनाचा साप माझ्याकडे नाही," ताई म्हणाल्या.

तो "थँक यू, आंटी" म्हणून गेला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. ताईंनी मात्र चहा घेतला नाही.

"मी खोटं बोलले का गं?"

"एक अक्षरही नाही," मी म्हटलं. "त्याने जिवंत प्राणी मरायला टाकला होता. बरं झालं."

दुसऱ्या दिवशी ताईंच्या नोटिशीशेजारी दुसरी लागली. त्यात त्या हडकुळ्या सापाचा फोटो. 'हरवला आहे. नाव चकली. निरुपद्रवी आहे, कृपया मारू नका. चूक माझी आहे.' आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर नील मागच्या हिरवळीवर पावसात गुडघ्यांवर बसून झुडपांत टॉर्च मारत होता. कचऱ्याचे डबे हलवत होता. आणि हाका मारत होता, "चकली! चकली!"

ताईंच्या स्वयंपाकघराची खिडकी तिकडेच उघडते. आम्ही दोघी तिथे उभ्या.

"सापाला हाक ऐकू येत नाही हे त्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही," मी म्हटलं.

"त्याला माहीत असणार," ताई म्हणाल्या. "तरी मारतोय."

असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी ताईंनी सापाला पेटाऱ्यात ठेवलं, रजिस्टर काखेत घेतलं आणि मला काचपेटी उचलायला सांगितलं. मी भांडले. परत त्या थंड खोलीत जाईल, परत उपाशी मरेल, तुम्ही वाचवलाय त्याला, तुमचा आहे तो. ताईंनी ऐकून घेतलं.

"मुक्ता, एकतीस वर्षांत मी शेल्फंच्या शेल्फं भरून वस्तू बघितल्या. चांगल्या, धड वस्तू. त्यांच्यासाठी कोणी एक फोनसुद्धा केला नाही. याच्यासाठी तो चिखलात बसतोय. उचल."

ताईंचा उजवा गुडघा वर्षभर दुखतोय. तीन मजले चढायला आम्हाला दहा मिनिटं लागली.

नीलने दार उघडलं. "तुमचा साप सापडला," ताई म्हणाल्या आणि पेटारा पुढे केला. तो बघतच राहिला. मग त्याने पेटाऱ्यात हात घातला, आणि साप त्याच्या मनगटावरून वर सरकून थेट बाहीत शिरला.

"आंटी, हा तुमच्याकडे होता?"

"होता. तुमचं वर्णन बरोबर होतं. माझं चुकलं. इथे सही करा."

तो रागावेल असं मला वाटलं होतं. तो रडला. सही करताना रजिस्टर ओलं केलंन. त्याच्या मागे खोली दिसत होती. कोपऱ्यात घासूनपुसून ठेवलेली काचपेटी, नवा दिवा लावलेला, वाटीत ताजं पाणी. आत कोणी नव्हतं आणि थर्मामीटर बरोबर अठ्ठावीसवर होता. मी आणलेली पेटी कोणालाच नको होती. मी ती घेऊन वळले.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ताई पायरीवर बसल्या. मला वाटलं गुडघा.

"मला द्यायचा नव्हता गं तो," त्या म्हणाल्या. "मी बाहेरून आले की त्याला सांगायचे, आज कोण भेटलं, काय झालं. ऐकू येत नाही, माहितीये मला."

मी पेटी खाली ठेवून त्यांच्याशेजारी बसले. त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

वर दार उघडलं. नील कठड्यावरून वाकला. "आंटी! लास्ट फीड कधी दिली? आणि किती मोठा उंदीर?"

ताईंनी पदराने डोळे पुसले. "असं जिन्यातून सांगायची गोष्ट नाही ती," त्या वर बघून म्हणाल्या. "थांबा. मी येते."

आणि कठडा धरून त्या परत चढायला लागल्या. रजिस्टर त्यांच्या काखेतच होतं, सगळं तारीखवार लिहिलेलं. तिथूनच वाचून दाखवता आलं असतं.