नाल्याकाठचा आनंदवर्ग

एका जंगलात एक नाला होता, बाळांनो. चांगला खोल, तळाशी दगडच दगड. अलीकडे प्राण्यांची घरं होती. पलीकडे हिरवं गवत होतं आणि कासववैद्य राहत होते. मध्ये सागाचा एक जुना ओंडका आडवा पडलेला होता. सगळे त्यावरून जात, त्यावरूनच येत.

एका सकाळी तो ओंडका मधोमध मोडला. कुजलाच होता. कुजतोय हे सगळ्यांना दिसत होतं, पण प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याने कुणीतरी सांगितलं असेल.

आता पलीकडे जायचं तर करवंदीच्या जाळ्यांतून वळसा घालावा लागे. जायला अर्धा दिवस, यायला अर्धा दिवस. प्राणी रोज अंग ओरबाडून घेऊन घरी येऊ लागले. शेवटी ते तक्रार घेऊन सिंहमहाराजांकडे गेले.

महाराज नुकतेच जेवले होते. जेवल्यावर त्यांना प्रजेबद्दल फारसं काही वाटत नसे. जेवणाआधी वाटे, पण ते वेगळं.

"प्रधानजी, नवा ओंडका टाकायला काय लागेल?" त्यांनी कोल्ह्याला विचारलं.

"चार हत्ती, महाराज. पण हत्ती आपल्या वाढदिवसाच्या मिरवणुकीची तालीम करताहेत."

"मग कसं करायचं?"

"ओंडका राहू द्या. आपण प्रजेचं मन दुरुस्त करू. त्याला हत्ती लागत नाहीत."

महाराजांना हे पटलं. त्यांनी लगेच एका तरसाची नेमणूक केली. त्याचं नाव हसमुखराव. तरस काही कारण नसताना हसतो, हे तुम्हाला माहीत असेलच. इतके दिवस जंगलात त्याला वेडा म्हणत. नेमणूक झाल्यापासून गुरुजी म्हणू लागले.

हसमुखरावांनी मोडक्या ओंडक्याशेजारीच आनंदवर्ग सुरू केला. रोज सकाळी प्राणी डोळे मिटून बसत, लांब श्वास घेत आणि वळशामुळे आपल्याला काय काय मिळालं ते सांगत.

"माझा व्यायाम होतो," ससा म्हणाला.

"बायकोला तोंड दाखवावं लागत नाही," सांबर म्हणालं.

"माझी शेपटी काट्यात तुटली," खार म्हणाली, "पण त्यामुळे हलकं वाटतं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खारीला पुढच्या रांगेत जागा मिळाली.

त्याच जंगलात सगुणा नावाची एक भेकरी होती. तिचं पाडस तिच्याबरोबर वळशाने जात असताना त्याच्या खुरात काटा मोडला. दोन दिवसांत पाय सुजला. तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. काटा काढणारे एकटे कासववैद्य. त्यांची चोच त्यासाठीच प्रसिद्ध होती. पण पाडसाला वळशाएवढं चालवत नव्हतं, आणि वैद्य तिकडून निघाले असते तर पोचेपर्यंत पावसाळा लागला असता.

सगुणा वर्गात जाऊन उभी राहिली.

"गुरुजी, माझ्या पोराला ताप आहे. त्याला नाला ओलांडायचाय."

हसमुखराव हसले. "ताप म्हणजे ऊब. थंडीच्या दिवसांत तुझ्या घरी ऊब आहे. किती जणांना मिळते?"

टाळ्या झाल्या.

"तो खात नाही," सगुणा म्हणाली.

"म्हणजे चरायला जायचे कष्ट वाचले. अजून शोध. सापडेल."

"ओंडका कधी टाकणार?"

सशाने मान खाली घातली. खार शेजारणीच्या कानात म्हणाली, "हिच्या अशा बोलण्यानेच पोराचा ताप वाढत असेल." सगुणाने हे ऐकलं. क्षणभर तिला ते खरंही वाटलं. वर्गाचं एवढं यश मात्र मान्य करायला हवं.

मग तिथून ती धुळबाकडे गेली. धुळबा म्हणजे रानडुक्कर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत करवादणारा. कुरकुर करतो म्हणून त्याला वर्गातून काढून टाकलं होतं.

सगुणाने सगळं सांगितलं. धुळबाने तिला धीर दिला नाही. जे होतं ते चांगल्यासाठी, असंही म्हणाला नाही.

"गाढवं आहेत सगळी," एवढंच म्हणाला आणि उठला.

नाल्याच्या काठावर ऐनाचं एक वाळलेलं झाड पलीकडे कललेलं होतं. धुळबाने त्याची मुळं उकरायला घेतली. दुपारपर्यंत उकरत होता. तोंडाने अखंड शिव्या चालू होत्या. झाडाला, मातीला, महाराजांना. एक सुळा मोडला तेव्हा सुळ्यालाही. सगुणा पायांनी माती मागे ओढत राहिली.

उन्हं कलताना झाड कडाडलं आणि थेट नाल्यावर आडवं पडलं. धुळबा मात्र मुळांच्या जागी झालेल्या खड्ड्यातल्या चिखलात गडगडला. वर आला तेव्हा नुसते डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांतही राग होता. त्याला पाहून सगुणाला हसू फुटलं. किती दिवसांनी ती हसली. धुळबाही, आपल्याला कोणी पाहत नाही असं बघून, थोडासा हसला.

पाडस तीन पायांवर लंगडत पलीकडे गेलं. वैद्यांनी काटा काढला, पाला बांधला. दोन दिवसांनी ते गवत मागू लागलं.

बाकीचे प्राणीही झाडावरून ये-जा करू लागले. आनंदवर्गाला कोणी येईना. हसमुखराव रडत महाराजांकडे गेले, आणि महाराजांनी दरबार भरवला.

"प्रजेने मनापासून आनंद शोधला," कोल्हा म्हणाला, "म्हणून झाड आपण होऊन पडलं."

हे सगळ्यांना फार आवडलं. त्यात कुणाला काहीच करावं लागलेलं नव्हतं. हसमुखरावांना 'आनंदभूषण' पदवी मिळाली. महाराजांनी चार हत्ती पुढे घालून पुलाचं उद्घाटन केलं.

सगुणा उभी राहिली. "झाड धुळबाने पाडलं. मी तिथे होते."

"त्याबद्दलही तक्रार आलीय," कोल्हा कागद बघत म्हणाला. "काम करताना तो शिव्या देत होता म्हणे."

धुळबाने ते नाकारलं नाही. उलट तिथल्या तिथे आणखी दोन दिल्या. त्याला पुलावरून जायची बंदी झाली. सगुणा तेवढी रोज संध्याकाळी पलीकडचे कंद तोंडात धरून त्याच्या दारात आणून ठेवते. तो कंद किडके आहेत म्हणून कुरकुरतो आणि सगळे खातो.

तात्पर्य : अडचण आली की, बाळांनो, चिडू नये, त्यातला आनंद शोधत बसावं. दुरुस्ती करायला कुणीतरी चिडका मिळतोच. आणि मागाहून त्याला चार चांगल्या गोष्टी शिकवण्यात जो आनंद आहे, तो दुसऱ्या कशातच नाही.