वार्ताहराच्या तब्येतीचा दाखला

साहेब, तुमच्या कचेरीनं जाफर कल्हईवाल्याला अपात्र ठरवलं, आणि ठरवताना त्याच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही. हा आरोप आहे. विनंतीअर्ज समजून फायलीत घालू नका.

जळकोटच्या पलीकडं हमरस्त्याला लागून एक गाव आहे. नाव लिहीत नाही, नाहीतर गावाचीच चौकशी लागायची. निजामी गेली, उर्दू फर्मानं गेली, मराठी परिपत्रकं आली आणि त्यातल्या एकाबरोबर गावाला दवाखाना आला. उद्घाटनाचा हार गळ्यात घेऊन डॉक्टर जे गेले, ते सात महिने फिरकले नाहीत. दाराला कुलूप. इकडं जाफरच्या मदिनाबीला आठवा महिना लागलेला. मागच्या खेपेला बैलगाडीतून नळदुर्गाला नेताना मूल वाटेतच गेलं होतं.

जाफर रद्दीच्या कागदांवर वाचायला शिकलेला गडी. त्याला वाटलं, पेपरात छापून आलं की कुलूप निघंल. जिल्ह्याच्या साप्ताहिकानं कळवलं, बातमी फक्त मान्यताप्राप्त वार्ताहराची घेतो. म्हणून तो वार्ताहराची मान्यता मागायला तुमच्या कचेरीत गेला. कारकून उत्तरेश्वर यांनी चष्मा चढवून पात्रतेचे नियम वाचले.

"अक्षर सुवाच्य. स्वभाव मनमिळाऊ. समारंभाची बातमी आदल्या दिवशीच लिहून ठेवायची सवय. टाळ्यांसाठी दोन्ही हात मोकळे."

"मग पेन्सिल कुठं धरायची, साहेब?"

"कानावर ठेवा. तिथंच शोभती. आन् प्रकृती धडधाकट पायजे. गावच्या सरकारी डॉक्टरचा दाखला जोडा."

"डॉक्टरच न्हाय, हीच तर बातमी हाय."

"कागदावर हाय. डॉक्टर असून दाखला देत न्हाय, म्हंजी खोट तुमच्यातच असंल, जाफरभाई." आणि अर्जावर 'अपात्र'चा शिक्का उमटला.

मान्यता मिळाली बिभीषणरावांना. त्यांनी गाव पाहिलं नव्हतं, पण जिल्ह्याच्या गावी त्याच डॉक्टरांच्या घरी चहा पिऊन दाखला आणला होता. त्यांची पहिलीच बातमी आली: 'दवाखान्यापुढे रुग्णांची रीघ, जनता समाधानी.'

लोक पेटून उठतील म्हणून जाफरनं ती पारावर मोठ्यानं वाचून दाखवली. लोक उठले खरे. घरी जाऊन औषधासाठी रिकाम्या बाटल्या घेऊन आले. दुपारपर्यंत कुलपापुढं चाळीस जणांची रांग. सगळ्यात पुढं बसप्पा.

"बसप्पा, रोज ह्याच दाराला टेकून बिडी वढतोस की रं तू."

"व्हय. पर आता छापून आलंय."

पोट सावरत मदिनाबीही आली, हातात बाटली. "तुमी रोजच म्हंता बंद हाय. पेपरवाल्याचं आपल्याशी काय वाकडं हाय, खोटं लिवायला?"

तेवढ्यात हमरस्त्यानं, साहेब, तुमचीच जीप सोलापूरकडं गेली. तुम्ही काच पुसून रांग पाहिली आणि वहीत टिपलं: 'बातमी खरी. जाफरची तक्रार खोटी.'

मदिनाबीचे दिवस भरत आलेत. जाफर पुन्हा बैलगाडी बघतोय.

साहेबांना जाब विचारूच. पण वाचणाऱ्या बाबा, आधी तू सांग. कुलूप डोळ्यांपुढं लोंबत होतं, तरी बाटली घेऊन त्या रांगेत तू कितवा उभा होतास?