गोधडी पांघरलेला ढीग

रोज सकाळी आमच्या खिडकीखाली नाना कचऱ्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे, डोळे मिटायचे, अन् म्हणायचे, "आज बरा हाय." जसं काय ढिगाचा ताप बघत होते. मी आपली बाळाला उराशी धरून बघत बसायची. खोटं कशाला सांगू, मला सगळ्याचंच भ्या वाटतं, कुकरच्या शिट्टीचं, पालीचं, बाळ लई वेळ झोपलं तर त्याचंबी. आठवीतून शाळा सुटली, मग पुढं लग्न, मग लेकरू, अन् छावणी भागात भाड्यानं राहायला आलो तर शेजारी हे नाना.

नानांनी उभा जन्म बेकरीच्या भट्टीवर काढला. आता घरात एकटेच. अन् नाद एकच, त्या हिरव्या पानाचं चित्र असलेल्या पिशव्यांचा. मक्यापासून करतात म्हणे, वापरून टाकली की माती होती. औरंगपुऱ्याच्या बाजारात कुणाच्या हातात तसली पिशवी दिसली की नाना आडवेच. "ताई, भाजी पदरात घ्या, पिशवी मला द्या. मरती का बघतो." एक बाई घाबरून मेथीसकट पिशवी टाकून पळाली. नानांनी मेथी आम्हाला आणून दिली.

"पिशवी खोटं नाय बोलत," ते मला सांगायचे, "अर्धं बोलती. कुजंल म्हणती, कुठं ते सांगत नाय. कुंडीत पुर, वरीसभर तशीच. उकिरड्यावर टाक, तशीच. तिला भट्टी लागती पोरी, भट्टी! खताच्या मोठ्या कारखान्यात ढीग असा तापतो की हात ठेववत नाय. वर ओल पाहिजे, हवा पाहिजे. तवा कुठं ती सुटती, अन् मग डोळ्याला दिसत नाय असले किडे तिला खातात."

किडे म्हणले की मी खिडकी लावून घ्यायची.

तर त्यांनी अंगणातच भट्टी मांडली. शेण, रसवंतीचं चिपाड, हाटेलातला भाजीपाला, छातीएवढा ढीग. बारका ढीग गरमी धरत नाय म्हणून एवढा मोठा. वरून गोधडी, आमच्या घरातल्या गोधडीपेक्षा चांगली. अन् दर चार दिवसांनी फावड्यानं खालवर करायचे, आत हवा नाय गेली तर भट्टी विझती म्हणून. थंडीत त्याच्यातून वाफ निघाली की मला वाटायचं, पेटलं आता.

एक दिवस गल्लीचे चेअरमन आले. "नाना, ही घाण काढा. शेजारी ओली बाळंतीण हाय, बारकं लेकरू हाय." माझंच नाव पुढं!

नाना म्हणले, "संक्रांतीला पिशवी काढून दाखवतो. नाय कुजली तर ढीग खुशाल उचला." अन् पिशवीला सुतळी बांधून आत सोडली, सापडावी म्हणून.

पुढं काय झालं, तर नानांनी ढीग हलवणंच सोडलं. फावडं भिंतीला टेकलेलं. उलट एक दिवस दुपारी ते गोधडीचं टोक उचलून आत दुधाची वाटी सरकवताना दिसले. ढिगाला दूध पाजतंय माणूस! बाळाला घेऊन तशीच अंगणात पळाले, पायात चप्पल नाय.

"नाना, अवो काय करता?"

"हळू बोल."

गोधडीखाली चिपाडाच्या उबेत मांजर, अन् तिला लुचत तीन पिल्लं, डोळेबी न उघडलेली.

"पण ढीग थंड पडंल की. पिशवीचं काय?"

"पडू दे. आता फावडं कुठं घालू, तूच सांग. अन् कुणाला बोलू नको. पिल्लं पोत्यात भरून दौलताबादच्या रस्त्याला सोडून येतील."

संक्रांतीला अख्खी गल्ली जमली. नानांनी सुतळी ओढली. पिशवी आली, चिकट, थंडगार, पानाचं चित्रसुद्धा जिथल्या तिथं.

"नाना, हिच्यात तिळगूळ भरून न्या घरी!" कुणीतरी म्हणलं, अन् सगळे हसले.

नाना नुसते गोधडीपुढं उभे राहिले, पाय रोवून.

"उद्याच ट्रॅक्टर बोलावतो," चेअरमन म्हणले. "वहिनी, सुटल्या बरं का तुम्ही."

माझ्याच तोंडातून निघालं, "मला काय तरास नाय. राहू द्या."

"अहो, पण लेकरू..."

"लेकराला ऊब लागती त्याची," मी काय बोलत होते मलाच कळंना, "थंडीचे दिवस हायेत. राहू द्या."

"घ्या! जिच्यासाठी भांडतोय तिलाच पाहिजे," म्हणत चेअरमन गेले, अन् मागं सगळेच पांगले.

नाना गोधडी नीट करत राहिले. अन् करता करता म्हणले, "पोरी, बाळंतिणीला काय काय देतात गं? मी नुसतं दूधच देतोय. तुझी काकू होती तोवर वाट बघितली, पण आमच्या घरात बाळंतपण झालंच नाय. मला कसं ठावं असणार?"

मांजर काय डिंकाचा लाडू खात नसती, एवढं मलाबी कळतं अन् नानांनाबी. पण मी पायरीवर बसले, बाळाला मांडीवर घेतलं, अन् सांगत गेले, डिंक, अळीव, खारीक, खोबरं, बाळंतशोपा, सगळं सावकाश. नाना मान हलवत ऐकत होते. मी थांबले की म्हणायचे, "अन् मग?"