चकचकीत छताच्या मोहिमेची हकीकत

श्रीगजाननाचे स्मरण करून, कोणाचा मुलाहिजा न राखता, जे जाहले ते जाहले तैसेचि लिहिले आहे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, माघमास. तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या राज्यात श्रीमंत भालचंद्रराव राज्य करीत होते, आणि त्यांचे तीर्थरूप आबासाहेब मांडीचे हाड मोडल्यापासून दोन वर्षे बाहेरच्या खोलीत भिंतीलगतच्या पलंगावर उताणे निजून होते, आणि त्यांचे सर्व काही सूनबाई शालिनीबाईसाहेब करीत होत्या. ऐशात श्रीमंत आपले मेहुणे रमाकांतराव यांचे नव्या घरी जेवावयास गेले आणि तेथील फॉल्स सीलिंग पाहून त्यांस श्रीखंड कडू लागले. मग परत येताच "आपलं छत अगदीच उघडंबोडकं दिसतं" ऐसे बोलिले आणि मेहुण्यांस मसलतीस पाचारण केले.

मग मसलत सोफ्यावर बसली आणि टीपॉयवर नमुने मांडिले. पीओपी नक्षीस उत्तम, परंतु घरभर धूळ आणि सुकावयास दिवस. जिप्सम सपाट, झटपट बसणारे, परंतु ओलाव्यास भिणारे. आणि पीव्हीसीची पट्टी पाण्यास न भिणारी, आरशासारखी चकचकीत. मेहुणे यांनी जन्मात कोणते छत लक्ष देऊन पाहिले नव्हते, तेणेकरून दीड तास बोलिले. शालिनीबाईसाहेब चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आबांना विचारू या का? दिवसभर वर तेच बघतात."

श्रीमंत हसले. "त्यांना काय फरक पडतो? बघणार ते पाहुणे."

मग पट्टीवर दिव्याचा उजेड लखलखला आणि तेवढ्यावर निकाल जाहला. अक्कल म्हणोन जी वस्तू, तिला मसलतीचे आमंत्रणच नव्हते.

चार दिवसांत काम उरकले, पलंग पूर्वस्थळी आला, आणि पाहुणे माना वर करून वाहवा करू लागले, आणि श्रीमंत ती वाहवा किल्ला सर केल्यागत स्वीकारू लागले. इकडे आबासाहेबांनी भरदिवसा तोंडावर टॉवेल ओढून घेतला आणि जेवणास नको म्हणाले. बाईसाहेबांनी कपाळास हात लावून पाहिला, तो ताप नाही.

"आबा, उजेड टोचतो का डोळ्यांना?"

"उजेड नाही गं," आबासाहेब टॉवेलाआडून बोलिले. "वर एक म्हातारा निजलाय. तू मला भांडं देतेस तेव्हा तोही दिसतो. दोन वर्षं मी कसा दिसतो ते मला ठाऊक नव्हतं, बरं चाललं होतं."

बाईसाहेबांनी यजमानांस सर्व सांगितले, तो श्रीमंत म्हणाले, "होईल सवय. नवीन आहे अजून."

"मग आज दुपारी तुम्हीच निजून बघा. आबांना मी खुर्चीत बसवते."

श्रीमंत मोठ्या ऐटीने निजले. वर पाहतात तो आपलेच पोट, आपलेच टक्कल आणि दोन हनुवट्या. पुरती पाच मिनिटे लोटली नाहीत आणि उठून बसले, "पंखा मात्र छान दिसतो" ऐसे पुटपुटले आणि बाहेर काही काम आठवून चालते झाले.

मग बाईसाहेब कोणाची आज्ञा न मागता स्टुलावर चढल्या, आणि सुरीने भिंतीकडची कडपट्टी उचकटली, आणि पट्ट्या एकेक ओढीत गेल्या, तो पलंगाच्या वरचा जुना पांढुरका स्लॅब मोकळा जाहला. आबासाहेबांस खुर्चीतून परत पलंगावर निजविले, तो त्यांनी तोंडावरचा टॉवेल काढिला, बराच वेळ वर पाहिले आणि म्हणाले, "भात आहे का थोडा?"

संध्याकाळी मेहुणे आले आणि विचारते झाले, "इथलं काम अर्धवट राहिलं वाटतं?"

श्रीमंत फरशी न्याहाळू लागले.

"नाही," बाईसाहेब बोलल्या. "आज पूर्ण झालं."

येणेप्रमाणे छताची मोहीम. तीन जिन्नसांची पारख जाहली, खाली निजणाऱ्याची करावयाची राहिली, ती एका बाईने सुरीने केली. पाहुणे अद्यापि वाहवा करितात, श्रीमंत त्यांस पलंगाच्या अलीकडेच उभे करितात, आणि आबासाहेब दोन्ही वेळ जेवतात.