फिरायला गेल्या आणि दाढ देऊन आल्या

"वजन उतरवायचं म्हणजे काय मोठं! बाजूने उसवायचं आणि आत घ्यायचं!" शिलाई मशीनवरून उठत माईंनी जाहीर केलं. आख्ख्या गल्लीचे कपडे मापात बसवणाऱ्या बाईला स्वतःचं माप काय जड!

खरं कारण नवऱ्याला, म्हणजे अण्णांनाही, ठाऊक नव्हतं. शिंक आली की माईंची फजिती व्हायची, आणि घाई लागली की बाथरूमचं दार गाठेपर्यंत धीर निघत नसे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "वजनाचा भार तिथे पडतो हो. थोडं उतरवलंत तर पुष्कळ फरक पडेल. रोज चाला."

"मीही येतो," अण्णा म्हणाले. ते नुकतेच सलूनमधून चकाचक होऊन आले होते.

"काही नको!" माई इतक्या जोरात म्हणाल्या, की बिचारे चप्पल काढून पेपरात शिरले.

पण चालायला लागलं की अर्ध्या वाटेत घाई लागायचीच! तिथे होता दातांचा दवाखाना. माई बाकावर जरा टेकायच्या, उगीच गाल धरायच्या, बाथरूमला जाऊन यायच्या आणि हळूच सटकायच्या. रोज!

काउंटरवरच्या ताईंना भारी दया आली. "डॉक्टर, या मावशी येतात आणि घाबरून पळून जातात हो!"

एके दिवशी दातांचे डॉक्टर स्वतःच बाहेर आले. माईंचा हात धरून म्हणाले, "घाबरायचं नाही, मावशी. मी आहे ना!"

"अहो, मी फक्त..." माईंनी बाकाकडे पाहिलं. सगळे कान टवकारून बसलेले! खरं सांगण्यापेक्षा ती खुर्ची परवडली. आणि नशीब असं, की तोंडात एक किडकी दाढ निघालीच.

सुजलेला गाल पाहून अण्णा हादरले. "काय झालं गं?" तोंडातल्या कापसाच्या बोळ्याआडून रडत रडत माईंनी सगळं सांगून टाकलं.

अण्णा त्यांच्या शेजारी टेकले. मग म्हणाले, "मला वाटलं, माझ्याबरोबर चालायची तुला लाज वाटते."

"तुमची नाही हो, माझीच वाटायची!"

अण्णांनी टकलावरून हात फिरवला. "मी सारखा सलूनमध्ये जातो. तिथे या डोक्यावरचं काय कापत असतील, कधी विचारलंस?"

"म्हणजे... तुम्हालाही?"

"बाजाराच्या अर्ध्या वाटेत! आणि तिथे बाथरूम आहे ते फक्त सलूनमध्ये!"

माई दुखरा गाल दाबून हसत सुटल्या.

आता दोघं जोडीने फिरतात. माईंचे ब्लाउज खरंच आत घ्यावे लागले, आणि शिंकेची धास्तीही बरीच गेली. आता दवाखान्यात थांबावं लागतं ते अण्णांनाच. काउंटरवरच्या ताई हल्ली त्यांच्याकडे फार दयेने बघतात, आणि अण्णांच्या तोंडात अजून बऱ्याच दाढा शिल्लक आहेत!